घरी गाणं रेकॉर्ड करायला कंडेन्सर माइक कोणता घ्यावा?

तुम्ही म्हणताय, सांगलीत विश्रामबागेत रस्त्याकडेची खोली आहे आणि तिथे अभंग, भावगीतं रेकॉर्ड करायची आहेत. मग माइकच्या आधी खोली बघा. कंडेन्सर फार बारीक ऐकतो. फॅनची घरघर, खालून गेलेली बुलेट, मोकळ्या भिंतींवरून परतणारा आवाज, सगळं रेकॉर्डिंगमध्ये येतं. गाताना तुमच्या पाठीमागे जाड गोधडी टांगा, कारण माइकचं तोंड त्याच बाजूला असतं. फरक लगेच कळेल.

माइक कार्डिओइड पॅटर्नचा, म्हणजे समोरचा आवाज जास्त आणि मागचा कमी घेणारा घ्या आणि सेल्फ नॉइजचा, म्हणजे माइकच्या स्वतःच्या खरखरीचा आकडा नक्की बघा; तो जितका कमी तितकं चांगलं. ऑडिओ-टेक्निका एटी२०२०चा २० डेसिबल आहे, रोड एनटी१-एचा ५. मिरजेच्या तंबोऱ्यावर हळुवार आलाप घेणार असाल तर हा फरक ऐकू येतो. खड्या आवाजातल्या अभंगाला एटी२०२० पुरतो. दोन्हींना ४८ व्होल्टची फँटम पॉवर, म्हणजे केबलमधूनच माइकला मिळणारी वीज लागते, तेव्हा ती देणाऱ्या ऑडिओ इंटरफेसचे (माइक कॉम्प्युटरला जोडणारी पेटी) पैसे आधीच बाजूला काढा.

पॉप फिल्टर (प, फ म्हणताना सुटणारी हवा अडवणारी जाळी) लावून वीतभर अंतरावरून गा. एवढं करूनही रस्त्याचा आवाज हटत नसेल, तर कंडेन्सरचा हट्ट सोडा आणि सरळ शुअर एसएम५८सारखा, आजूबाजूचे आवाज कमी पकडणारा डायनॅमिक माइक घ्या.