कालवांच्या हॅचरीत आठव्या-नवव्या दिवशी लार्व्हे (पोहणारी पिल्लं) मरून तळाला बसतात, कोणतं अँटिबायोटिक टाकावं?

तुम्ही विचारलंय की सातव्या दिवसापर्यंत लार्व्हे छान पोहतात आणि नवव्या दिवशी सकाळी तळाला पांढरट थर दिसतो, तर कोणतं अँटिबायोटिक किती टाकायचं. शिवाय किती टक्के जगले म्हणजे बॅच चांगली. पहिल्याचं उत्तर सरळ आहे: कोणतंच टाकू नका. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरानला मत्स्यशेतीत बंदीच आहे, पण बंदी नसलेलं औषधही नको. एखादी बॅच तगून जाते, मग त्या औषधाला न जुमानणारे व्हिब्रियो (समुद्राच्या पाण्यातले जंतू) पाइपांत मुरून बसतात आणि पुढच्या बॅचला गाठतात. जंतू टाकीत येतात कुठून, ते शोधा.

रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठच्या हॅचरीत अगदी हेच झालं होतं. एकाच दिवशीची, एकाच नर-मादींची अंडी. हजार लिटरच्या चार टाक्या, प्रत्येकीत मिलिलिटरला पाच डी-लार्व्हे (नुकतं डी-आकाराचं कवच आलेले), सगळ्यांना तेच आयसोक्रायसिस (खाद्याचं सूक्ष्म शैवाल), पाणी त्याच १ मायक्रॉनच्या फिल्टरमधून आणि यूव्ही (अतिनील) दिव्यातून आलेलं. नवव्या दिवशी बसली ती फक्त चौथी टाकी. पहिल्या तीन टाक्यांतल्या लार्व्ह्यांची आतडी सूक्ष्मदर्शकाखाली सोनेरी-तपकिरी, म्हणजे भरलेली. चौथीतल्यांची फिकट, व्हेलम (पोहायचा केसाळ पडदा) आत ओढलेलं, काहींचे तर व्हेलमचे तुकडे सुटून पाण्यात वेगळेच फिरत होते. रिकाम्या शिंपल्यांत सिलिएट्स (केसाळ एकपेशीय जीव) भराभर हलत होते. ते पाहून लगेच फॉर्मालिन टाकायचा सल्ला आला. सिलिएट्स मढ्यावर येतात, मारायला नाही. त्यांना मारून लार्व्हे वाचत नाहीत.

दोष निघाला पाइपात. चौथ्या टाकीच्या पुढे कधीतरी पाचवी बसवायची म्हणून २५ मिलिमीटरचा दोन मीटर पाइप पुढे काढून टोपण लावून ठेवला होता. त्यात साधारण लिटरभर पाणी कायम साचलेलं, छपराखाली ऊबदार, आतून बुळबुळीत थर धरलेला. पाणी बदलताना व्हॉल्व्ह उघडला की ते ढवळून चौथ्या टाकीत जायचं. टीसीबीएसच्या (व्हिब्रियो वाढवून मोजायच्या माध्यमाच्या) प्लेटवर यूव्हीनंतरच्या नमुन्यात जेमतेम काही वसाहती, आणि त्या व्हॉल्व्हच्या पहिल्या पाण्यात मोजता येऊ नयेत इतक्या. पाइप टी-जॉइंटलाच कापला. उरलेल्या लाइनीत २० पीपीएम क्लोरीनचं हायपोक्लोराइट रात्रभर ठेवलं, सकाळी तो क्लोरीन थायोसल्फेटने मारून किटवर क्लोरीन शून्य आल्यावरच पाणी सोडलं. तेव्हापासून रोज संध्याकाळी लाइन पूर्ण रिकामी करून कोरडी ठेवायची. पुढच्या बॅचला चारही टाक्या सारख्या चालल्या. यूव्ही फक्त त्याच्यातून जाणारं पाणी निर्जंतुक करतो, पुढच्या पाइपाशी त्याला देणंघेणं नाही. तुमच्या लाइनीत असा आंधळा तुकडा, न वापरलेला व्हॉल्व्ह किंवा खोलगट वाक असेल तर आधी तो कापा. हातासरशी पितळी नळ, तांब्याची फिटिंगही काढा, तांबं लार्व्ह्यांना विषच.

पाइपानंतर शैवालाचे कार्बॉय (वाढवायच्या मोठ्या बाटल्या) तपासा. वाढ थांबून गडद झालेलं शैवाल म्हणजे जंतूंचं सूप. वाढीच्या भरात असतानाच काढायचं. आणि अंदाजाने मगभर ओतू नका, हिमोसायटोमीटरवर (पेशी मोजायच्या काचपट्टीवर) मोजा. मिलिलिटरला २०,००० पेशी हव्यात, टाकी हजार लिटरची आणि शैवाल मिलिलिटरला ४० लाख असेल तर पाच लिटर पुरे. सुरुवातीला एवढंच, अंबो (शिंपल्याच्या बिजागरीजवळचा उंचवटा) आला की कीटोसेरॉस हे दुसरं शैवाल जोडून हळूहळू वाढवा. पाणी बदलण्याआधी टाकीत शैवालाचा रंग उरलेला दिसला तर पुढचा डोस कमी. बहुतेक जण उपाशी ठेवून नाही, जास्त खायला घालून मारतात.

पाणी एक दिवसाआड पूर्ण बदला. उपसताना चाळणी पाण्याने भरलेल्या घमेल्यात बुडालेली हवी, उघड्या जाळीवर धार सोडली की शिंपले फुटतात. नव्या-जुन्या पाण्याच्या तापमानात एक-दोन अंशांपेक्षा जास्त फरक नको.

आता टक्केवारी. दहाव्या दिवसाची टक्केवारी मी मानत नाही. मोजायचे ते डोळा आलेले, २०० मायक्रॉनच्या चाळणीवर राहणारे. त्या जाळीचा कर्ण साधारण २८० मायक्रॉन, म्हणून वर राहतो तो वाढ पुरी होऊन खडकाला-शिंपल्याला चिकटायला आलेला. आणि यासाठी आठव्या दिवशी ८० मायक्रॉनच्या चाळणीतून जे खाली पडतात ते टाकून द्यायचे. यावर कित्येक वर्षं वाद ऐकतोय: "जीव आहेत, वेगळ्या टाकीत वाढवू, टक्का वाढेल." वाढत नाही. आठ दिवसांत न वाढलेला लार्व्हा पुढेही कुढतच राहतो, तितकंच शैवाल, तितकीच मजुरी, एक टाकी अडवतो, आणि तीच टाकी जंतूंचं आगर होऊन शेजारच्यांना बाधते. ते टाकून देववत नसतील तर हॅचरी चालवू नका. मात्र टाकताना हायपोक्लोराइटच्या बादलीत मारा, गटारातून खाडीत सोडलेत तर भरतीला तुमच्याच पंपात परत येतील.

हे आकडे कालवांचे, पाणी २८ अंशांच्या आसपास असतानाचे. तिसऱ्या आणि शिणाण्यांच्या लार्व्ह्यांची मापं वेगळी, चाळण्या त्याप्रमाणे बदला. नवी फायबरची टाकी असेल तर आधी निदान दोन आठवडे पाणी बदलत भिजत घाला, नाहीतर वरचं सगळं करूनही मरतील. आणि पहिल्या पावसानंतर जांभ्याची लाल माती खाडीत उतरली की पृष्ठभागाचं गोडं पाणी उचलू नका. भरती पूर्ण भरल्यावर, खालच्या थरातलं घ्या, आणि क्षारता मोजल्याशिवाय पंप सुरू करू नका.