पुढची संख्या पटकन येते, पण नियम सांगता येत नाही. मुलांना क्रमिका, म्हणजे नियमाने पुढे जाणाऱ्या संख्यांच्या ओळी, कशा शिकवाव्यात?

तुम्ही विचारलंय की सातवीतली मुलं ‘पुढची संख्या कोणती?’ याचं उत्तर झटक्यात देतात, पण ‘नियम लिहा’ म्हटलं की अडतात. मग सुरुवात कुठून करायची?

माझ्या अनुभवात मुलांकडे नियम असतोच, आपल्याला हवा तो नसतो इतकंच. 5, 8, 11, 14 लिहिलं की मूल म्हणतं, ‘तीन-तीनने वाढतंय.’ हाही नियमच आहे. आधीची संख्या हातात असली की पुढची मिळते. पण शंभरावी संख्या हवी असेल तर 99 उड्या मारत जावं लागतं. आपल्याला हवा असतो तो दुसरा नियम, ज्यात जागा सांगितली की थेट संख्या मिळते. हे दोन वेगळे आहेत असं मी सुरुवातीची कित्येक वर्षं वर्गात स्पष्ट बोललोच नाही. वहीत ‘नियम: न + 3’, म्हणजे आधीची संख्या अधिक 3, असं दिसलं की लाल रेघ मारून मोकळा व्हायचो. खरं तर मुलाने मी विचारलं होतं त्याचंच उत्तर दिलेलं असायचं.

आता मी पहिल्या दिवशी संख्या लिहीतच नाही, काडेपेटीतल्या काड्या देतो. एक चौकोन करायला 4 काड्या. त्याला चिकटून दुसरा केला की 7, तिसरा केला की 10. पाच चौकोनांपर्यंत सगळे मांडतात आणि 16 मोजतात. मग विचारायचं, ‘दहा चौकोनांना किती?’ बरीच मुलं 32 म्हणतात. पाचाला 16, म्हणून दहाला दुप्पट. इथे ‘चूक’ म्हणू नका. दोघांच्या पाच-पाच चौकोनांच्या पट्ट्या एकमेकींना जोडायला सांगा. जोडावर दोन काड्या एकावर एक येतात, त्यातली एक उचलून बाजूला ठेवावी लागते, आणि 31 का झाल्या हे हातालाच कळतं. माझ्या वर्गात या एका काडीने जेवढं काम केलंय तेवढं सूत्राने कधी केलं नाही.

त्यानंतर शंभर चौकोन. एवढ्या काड्या कोणाकडेच नसतात, म्हणून आता विचार करावा लागतो. कोणी म्हणतं, पहिली उभी काडी ठेवली, मग प्रत्येक चौकोनाला तीन: 1 + 3 × 100. कोणी म्हणतं, पहिला चौकोन 4 चा, पुढच्या 99 ना तीन-तीन. एका मुलीने वरच्या 100, खालच्या 100 आणि उभ्या 101 अशा मोजल्या होत्या. सगळ्यांचं उत्तर 301. हे तिन्ही फळ्यावर एकाखाली एक लिहा आणि ‘तुला काड्या कशा दिसल्या?’ एवढंच विचारत राहा. 99 का, 100 का नाही, हा पुढे सूत्रात सगळ्यांना छळणारा ‘वजा एक’ इथेच सुटतो: पहिल्या जागेवर पोचायला उडी लागत नाही.

अक्षर घाईने आणू नका. आधी शब्दांत लिहून घ्या: ‘जागेच्या तिप्पट अधिक 1’. नुसत्या संख्या दिल्या असतील तर खाली तीनचा पाढा लिहायला लावतो. 5, 8, 11, 14 च्या खाली 3, 6, 9, 12. प्रत्येक ठिकाणी 2 जास्त, म्हणजे जागेची तिप्पट अधिक 2. पाढा कुठला घ्यायचा हे वाढ सांगते, आणि म्हणून त्यांचं ते ‘तीन-तीनने वाढतंय’ वाया जात नाही. या वाढीला भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’ या गणिताच्या ग्रंथात, म्हणजे 1150 च्या सुमाराला, ‘चय’ म्हटलंय, पहिल्या पदाला (क्रमिकेतल्या पहिल्या संख्येला) ‘आदि’ आणि पदांच्या संख्येला ‘गच्छ’. परीक्षेत याचा उपयोग शून्य, पण हे तीन शब्द मुलांना भारी आवडतात.

नियम लिहून झाला की उलटा प्रश्न जरूर विचारा: काड्यांच्या क्रमिकेत 200 येईल का? 1 वजा केला की 199 उरतात, त्याला तीनने पूर्ण भाग जात नाही, म्हणजे नाही येणार. समीकरण हा शब्दही न उच्चारता मुलं समीकरण सोडवून मोकळी होतात. वर्ग संख्या, त्रिकोणी संख्या वगैरे मग ठिपके काढून सावकाश घ्या. तिथे वाढच बदलत जाते, पाढ्याची युक्ती चालत नाही, हे त्यांचं त्यांना कळू द्या.

एक गोष्ट मात्र मी टाळत नाही. 1, 2, 4, 8, 16 नंतर काय? सगळे 32 म्हणणार. मग वर्तुळ काढायचं, त्यावर ठिपके द्यायचे, प्रत्येक ठिपका बाकी सगळ्यांना सरळ रेषेने जोडायचा आणि आतले तुकडे मोजायचे. एका ठिपक्याला 1, दोनांना 2, मग 4, 8, 16 आणि सहा ठिपक्यांना 31. नियम नुसत्या संख्यांकडे बघून नव्हे, तर त्या कुठून आल्या ते बघून ठरवायचा, हे यापेक्षा स्वस्तात सांगता येत नाही. फक्त सहा ठिपके समान अंतरावर देऊ नका. मी एकदा कंपासने नेटके दिले, तिन्ही मोठे कर्ण मध्यभागी एकाच बिंदूत भेटले, तिथला एक तुकडा नाहीसा झाला, आणि अख्खा वर्ग 30 वर अडून बसला. मी फळ्यावर 31 लिहून बसलो होतो.