"बँड आले, पण मला तिथे बोलता येईल का?"

परदेशी शिक्षणासाठी समुपदेशन घ्यायला येणारी मुलं फी, कर्ज आणि व्हिसाबद्दल मोकळेपणाने विचारतात. एक प्रश्न मात्र बहुतेक जण अगदी निघताना, दाराशी थबकून विचारतात: "मॅडम, माझी शाळा मराठी माध्यमाची. तिथे गेल्यावर मला बोलता येईल का?" कधी आई-वडील मुलांना बाहेर पाठवून हाच प्रश्न विचारतात. त्याचं उत्तर मी एका विद्यार्थिनीच्या तयारीतून देणार आहे. तिची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगी सोलापूर जिल्ह्यातली. दहावीपर्यंत मराठी माध्यम, नंतर विज्ञान शाखा, मग बी. फार्म. तिला स्कॉटलंडमधल्या ग्लासगोच्या एका विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य या विषयात मास्टर्स करायचं होतं. इंग्रजीची अट अशी होती की आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत एकूण ६.५ बँड, म्हणजे गुण, हवेत आणि कुठल्याही एका विभागात ६च्या खाली चालणार नाही. तिला ऐकण्यात ७, वाचनात ६.५, बोलण्यात ६ आणि लेखनात ५.५ मिळाले होते. सरासरी ६.२५ येते. आयईएलटीएसच्या नियमाप्रमाणे .२५ असेल तर वरचा अर्धा बँड धरतात, म्हणून एकूण ६.५ झाले. घरी पेढे वाटून झाले आणि मग कुणीतरी लेखनाच्या ५.५ कडे बोट दाखवलं.

ती माझ्याकडे आली तेव्हा तिच्या तोंडी लेखनाचं नावही नव्हतं. रडवेली होऊन ती बोलण्याबद्दलच सांगत राहिली. कॉलेजच्या सेमिनारमध्ये तिने एका औषधाचं नाव चुकीच्या जागी जोर देऊन उच्चारलं, मागच्या बाकावरून हसण्याचा आवाज आला आणि तेव्हापासून ती वर्गात इंग्रजीत बोललीच नाही. वडील तालुक्याच्या गावी कृषी सेवा केंद्र चालवतात. त्यांनी विचारलं, "मॅडम, एक क्लासवाले म्हणतात, ३० दिवसांत फाडफाड इंग्रजी. घालू का हिला?"

मी नको म्हणाले. तिच्याकडे काय आहे आणि काय नाही, हे आधी बघायला हवं होतं.

मी तिला तिच्याच अभ्यासक्रमातलं फार्माकॉलॉजीचं एक प्रकरण वाचायला दिलं. तिने ते सहज वाचलं आणि मराठीत इतकं नेटकं समजावून सांगितलं की मला त्यातली औषधं नीट कळली. मग तेच इंग्रजीत सांगायला लावलं तर तिसऱ्या वाक्यावर गाडी अडली. चार वर्षं तिने इंग्रजी पुस्तकं वाचली होती, परीक्षा इंग्रजीत दिल्या होत्या. वर्गात मात्र शिक्षक संज्ञा इंग्रजीत आणि समजावणं मराठीत, अशा मिश्र भाषेत शिकवत, जसं आपल्याकडे बहुतेक ठिकाणी चालतं. तिला हजारो इंग्रजी शब्द डोळ्यांनी ओळखीचे होते, जिभेला नव्हते. अशी अडचण मला जवळजवळ प्रत्येक मराठी माध्यमाच्या मुलात दिसते आणि ती सुटते. ज्याला शब्दच माहीत नाहीत त्याचा रस्ता फार लांबचा असतो. हिचा तसा नव्हता.

बोलण्याच्या भीतीचं मूळ तिच्या एका सवयीत होतं. ती मराठीत वाक्य तयार करायची, मनात भाषांतर करायची, व्याकरण तपासायची आणि तोंड उघडेपर्यंत समोरचा पुढच्या विषयावर गेलेला असायचा. मग आम्ही छोट्या वाक्यांचा नियम केला. पाच-सात शब्दांचं एक वाक्य बोलायचं, थांबायचं, मग दुसरं. चुकलं तर दुरुस्त न करता पुढे जायचं. दोन मैत्रिणींबरोबर रोज रात्री फोनवर थोडा वेळ, विषय ठरवून. पहिला आठवडा तिघींनाही अवघड गेला. उच्चाराबद्दल मी तिला एकच गोष्ट शिकवली. मराठी वळणाचं इंग्रजी असण्यात काहीही कमीपणा नाही आणि आयईएलटीएसमध्येही नुसत्या वळणासाठी गुण कापत नाहीत, बोलणं ऐकणाऱ्याला स्पष्ट कळावं एवढीच अपेक्षा असते. पण इंग्रजीत शब्दातल्या एका अवयवावर, म्हणजे उच्चाराच्या एका तुकड्यावर, जोर असतो आणि तो चुकला तर ओळखीचा शब्दही कळत नाही. 'फोटोग्राफ'मध्ये जोर पहिल्या अवयवावर, 'फोटोग्राफी'त तो दुसऱ्यावर सरकतो. मराठीत आपण असा जोर देत नाही, म्हणून तो मुद्दाम ऐकून शिकावा लागतो. तिने आपल्या विषयातल्या शब्दांची वही केली आणि प्रत्येक शब्दात जोराच्या जागी तांबडी रेघ मारली.

खरं काम लेखनात होतं आणि माझा सगळा आग्रह तिथेच होता. तिचे निबंध मी वाचले. जवळजवळ प्रत्येकाची सुरुवात 'इन धिस मॉडर्न एरा' आणि शेवटाकडे 'एव्हरी कॉइन हॅज टू साइड्स'. कुठल्यातरी क्लासच्या नोट्समधून पाठ केलेले हे साचे परीक्षक क्षणात ओळखतात. आयईएलटीएसच्या लेखनात १ तासात दोन उत्तरं लिहायची असतात, पहिलं किमान १५० शब्दांचं आणि दुसरं किमान २५०. दुसऱ्याचं वजन पहिल्याच्या दुप्पट असतं. तिथे तपासतात ते असं की विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दिलं आहे का, मुद्द्यामागून मुद्दा नीट येतो का, शब्दसंपदा कशी आहे आणि व्याकरण किती विविध व अचूक आहे. पाठ केलेली वाक्यं पहिल्याच कसोटीवर मागे पडतात.

त्याहून काळजीची गोष्ट मला दुसरीकडे दिसली. 'भारतातला मधुमेह' या विषयावर तिने एक पान लिहून आणलं, त्यातली निम्मी वाक्यं एका संकेतस्थळावरून जशीच्या तशी उचललेली होती. तिला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं आणि मी तिला दोषही दिला नाही. आपल्या शाळेत गाइडमधलं उत्तर शब्दशः लिहिणाऱ्याला पैकीच्या पैकी मिळतात. ब्रिटनमध्ये त्याच सवयीला वाङ्मयचौर्य म्हणतात, टर्नइटिनसारखी संगणकप्रणाली जुळणारा मजकूर दाखवते आणि गुण जाण्यापासून चौकशीपर्यंत काहीही होऊ शकतं. क्लासमध्ये हे कुणी सांगत नाही, कारण परीक्षेत ते विचारत नाहीत. माझ्या मते परदेशी जाणाऱ्या आपल्या मुलांना बोलण्याच्या भीतीपेक्षा या अज्ञानाचा धोका कितीतरी मोठा आहे.

यावर आम्ही मराठीचाच आधार घेतला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीची, म्हणजे २०१९–२१ ची, जिल्हावार माहितीपत्रकं इंग्रजीत उपलब्ध आहेत. तिने सोलापूर जिल्ह्याचं पत्रक घेतलं. रोज एक आकड्यांचा गट वाचायचा, कागद पालथा घालायचा, आईला किंवा मला मराठीत सांगायचं की यातून काय दिसतं आणि तुला त्याबद्दल काय वाटतं. मग तेच इंग्रजीत लिहायचं आणि आकडा कुठून घेतला ते त्याच वाक्यात नोंदवायचं. पान झाकलेलं असल्यामुळे वाक्य उचलता येत नाही. मराठीत आधी बोलल्यामुळे मत स्वतःचं तयार होतं. इंग्रजीतच विचार करा असा उपदेश सगळीकडे ऐकू येतो. ज्या मुलांचा विचार मराठीत धारदार चालतो, त्यांना तो सोडायला लावणं मला पटत नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या बायका-मुलांबद्दल ती लिहीत होती, त्यामुळे तिच्या वाक्यांत जीव आला. ए आणि द ची गडबड बराच काळ राहिली. मराठीत ही उपपदं नाहीतच, ती रुळायला वेळ लागतो.

ईमेलवरही थोडा वेळ घालवला. तिच्या पत्रात 'रिस्पेक्टेड सर' आणि 'काइंडली डू द नीडफुल' होतं. आपल्या सरकारी पत्रव्यवहारातली ही भाषा तिकडच्या प्राध्यापकाला परकी वाटते. 'डिअर डॉक्टर' आणि आडनाव, दोन ओळींत काम, 'कुड यू' किंवा 'वुड इट बी पॉसिबल' अशी विनंती, एवढं पुरतं. आपण आदर 'तुम्ही'त आणि क्रियापदात ठेवतो, इंग्रजीत तो अशा विनंतीच्या रूपांत असतो. ती नसली तर आपली नम्र मुलंही तिकडे हुकूम सोडल्यासारखी वाटतात.

लेखनाचा बँड वाढवायला तिच्यापुढे दोन वाटा होत्या. ब्रिटनमधली अनेक विद्यापीठं मुख्य अभ्यासक्रमाआधी काही आठवड्यांचा इंग्रजीचा पूर्वतयारी वर्ग घेतात, पण त्याची फी वेगळी आणि राहण्याचा खर्चही वाढतो. दुसरी वाट एकाच विभागाची फेरपरीक्षा. संगणकावर दिलेल्या आयईएलटीएसला ही सोय आहे, मूळ परीक्षेपासून ६० दिवसांच्या आत ती द्यावी लागते. विद्यापीठ तो निकाल मानतं का हे मात्र आधी लेखी विचारून घ्यावं. तिने विचारलं, होकार आला, वडिलांच्या कर्जाचा आकडा वाढला नाही. फेरपरीक्षेत लेखनाला ६.५ मिळाले.

तिथे गेल्यावर काय झालं, हे सांगितल्याशिवाय उत्तर पुरं होत नाही. पहिले काही आठवडे ग्लासगोचं इंग्रजी तिला दुकानात, बसमध्ये कळेना. जाण्याआधी ती बीबीसी रेडिओ स्कॉटलंड ऐकत होती, त्याने थोडी मदत झाली, पूर्ण नाही. लेक्चरचं रेकॉर्डिंग मिळायचं, ते रात्री पुन्हा ऐकायची. 'सॉरी, कुड यू से दॅट अगेन?' हे वाक्य आम्ही इतकं घोटलं होतं की ते तिच्या तोंडून लाजेशिवाय निघायचं. गटचर्चेत तिसऱ्या आठवड्यात ती पहिल्यांदा बोलली, ग्रामीण भागातल्या आशाताईंच्या कामाबद्दल, आणि बाकीचे वह्या काढून लिहू लागले.

पहिल्या असाइनमेंटवर शेरा आला की माहिती भरपूर आहे, तुझं म्हणणं कुठे आहे? त्या रात्री तिचा मला फोन आला. विद्यापीठाच्या लेखन साहाय्य केंद्रात विनाशुल्क वेळ घेता येते, हे तिला माहीत होतं. दुसऱ्या असाइनमेंटचा कच्चा मसुदा घेऊन ती तिथे दोनदा गेली. त्या वेळी शेऱ्यात भाषेबद्दल काही नव्हतं, संदर्भ जुने आहेत एवढंच होतं.

जी मुलं आत्ता तिसऱ्या वर्षाला आहेत आणि पुढच्या वर्षी अर्ज करणार आहेत, त्यांनी आयईएलटीएसची तारीख घेण्याआधी आपल्या विषयावर एक पानभर इंग्रजी, पुस्तक मिटून, लिहून बघावं आणि ते घेऊन मला किंवा आपल्या कॉलेजातल्या इंग्रजीच्या शिक्षकांना भेटावं.