वजनाला हलका, लॉक असलेला घडीचा चाकू पहिल्यांदा वापरताना कसा वाटतो? त्यावर विश्वास ठेवता येतो का?

आपण लिहिले आहे की नायलॉनच्या मुठीचा, उघडल्यावर पाते लॉक होणारा एक घडीचा चाकू आपण हाताळून पाहिला, तो अगदीच खेळण्यातला वाटला आणि त्यामुळे तो घ्यावा की नाही हे ठरत नाही. मी नुकताच याच जातीचा चाकू वापरायला घेतला आहे. त्याचे पाते सात-साडेसात सेंटीमीटरचे, वजन ७० ग्रॅमच्या आसपास, मूठ काचतंतू मिसळलेल्या नायलॉनची आणि लॉकचा खटका मुठीच्या पाठीवर, म्हणजे ज्याला बॅक लॉक म्हणतात तो प्रकार.

आपल्याला जे वाटले ते मलाही पहिल्या क्षणी वाटले, पण त्याचे कारण पात्यात नसून मुठीत आहे. लॉक होणारा घडीचा चाकू म्हटले की अनेकांच्या मनात १९६४ साली आलेल्या, बक या अमेरिकी कंपनीच्या '११०' चाकूचे रूप असते. लाकडी मूठ, दोन्ही टोकांना पितळ आणि वजन सुमारे २०० ग्रॅम. त्या जडपणालाच आपण मजबुती समजत आलो आहोत. हलक्या चाकूत वजन वाचते ते मुख्यतः मुठीतल्या धातूचे. आतल्या पोलादी पट्ट्या एक तर काढून टाकलेल्या असतात किंवा त्यांना भोके पाडून त्या नुसत्या सांगाड्यापुरत्या ठेवलेल्या असतात. पाते, ज्या खिळ्यावर ते फिरते तो खिळा आणि लॉकचा दांडा हे मात्र पोलादाचेच राहतात. मुठीच्या दोन बाजू बोटांनी दाबल्या तर मागच्या टोकाशी त्या किंचित दबतात, हे खरे आहे, आणि मनात शंका येते तीही तिथेच. परंतु काप घेताना जोर येतो तो सांध्यावर, मागच्या टोकावर नव्हे. हलकेपणा ही काही आजकालची टूमही नाही. फ्रान्समधल्या ओपिनेलचा आठ नंबरचा लाकडी मुठीचा चाकू जेमतेम ५० ग्रॅमचा असतो, आणि पाते जागी अडकवणारे फिरते कडे त्या चाकूंना १९५५ पासून आहे.

म्हणून वजनावरून काही ठरवण्याआधी सांधा आणि लॉक तपासावे, असे मी आग्रहाने सांगेन. बॅक लॉकमध्ये मुठीच्या पाठीत एक लांब दांडा मधोमध टेकलेला असतो. मागून स्प्रिंग त्याला रेटते आणि पाते पूर्ण उघडताच दांड्याचे पुढचे नाक पात्याच्या बुडातल्या खाचेत पडते. माझ्या चाकूत पाते निम्म्यापर्यंत उघडताना स्प्रिंगचा विरोध स्पष्ट जाणवतो, पुढे तो ओसरतो आणि शेवटी 'खट्' असा एकच, भरीव आवाज येतो. तो आवाज मला वजनापेक्षा जास्त बोलका वाटला. आवाज दबका आला किंवा दांडा मुठीच्या पाठीशी समपातळीत न येता थोडा वर राहिला, तर नाक खाचेत पूर्ण बसलेले नाही असे समजावे. खिशातल्या कापडाचे तंतू खाचेत साचले तरी असे होते. पाते उघडून त्याचे टोक डावीकडे-उजवीकडे हलवून पाहावे. या दिशेने डुगडुग असेल तर खिळा सैल आहे किंवा सांध्याची जोडणी ढिली आहे. वर-खाली केसभर हालचाल मात्र या प्रकारच्या लॉकमध्ये पुष्कळदा आढळते आणि तेवढ्यावरून चाकू नाकारू नये. त्यानंतर बोटे पात्याच्या वाटेतून पूर्ण बाजूला ठेवून पात्याची पाठ तळहाताने बेताने दाबावी. लॉक जागचे हलता कामा नये. पाते टेबलावर आपटून लॉकची परीक्षा घेणारे लोक असतात; त्याने नाकाची कड झिजते, हाती काही लागत नाही.

एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. लॉक हे पाते चुकून बोटांवर मिटू नये यासाठी असते, घडीच्या चाकूला अखंड, म्हणजे घडी नसलेल्या चाकूची ताकद देण्यासाठी नव्हे. डब्याचे झाकण उचकटणे, लाकडात टोक खुपसून पिळणे ही कामे त्याची नाहीतच, कारण पाते टोकाकडे फार पातळ होत गेलेले असते आणि आधी तुटते ते टोक.

त्याच पातळपणामुळे तो कापतो मात्र सुरेख. पुठ्ठ्याचे जाड खोके उभे चिरताना जाड पाते पाचरीसारखे अडते, हे सरळ सरकत गेले आणि पुठ्ठ्याची कड कुठे चुरगळली नाही. दोरी एका ओढीत तुटली. पाते व्हीजी-१० या जपानी पोलादाचे आहे. त्यात सुमारे एक टक्का कार्बन आणि १५ टक्के क्रोमियम असल्यामुळे ते सहजी गंजत नाही आणि धारही बऱ्यापैकी टिकवते. पुठ्ठा कापल्यावर धारेचा पहिला तल्लखपणा गेला तो बारीक दगडावर थोडे घासताच परत आला. जिथे हा चाकू कमी पडला ते काम म्हणजे लाकूड तासण्याचे. मूठ अरुंद असल्याने तिची कड तळहातात रुतू लागते, आणि आपला हात मोठा असेल तर हे आपल्याला माझ्याहून लवकर जाणवेल.

मिटण्याची सवय हातात बसायला वेळ लागतो. खटका दाबला की पाते सुटते आणि हलक्या मुठीला स्वतःचा भार नसल्यामुळे ती हातात फिरू शकते, तेव्हा सुरुवातीला दोन्ही हातांनीच मिटावे. चाकू खिशाच्या कडेला अडकवायच्या क्लिपबद्दल एवढेच सांगतो की ती घट्ट आहे आणि मुठीचा खरखरीतपणा खिशाची कड हळूहळू झिजवेल असे दिसते.

विकत घेण्यापूर्वी आपल्याकडचा कायदा अवश्य पाहा, कारण काही देश लॉकवरूनच फरक करतात. ब्रिटनमध्ये तीन इंचांपर्यंतच्या पात्याचा, लॉक नसलेला घडीचा चाकू सार्वजनिक जागी बाळगता येतो. तेवढ्याच पात्याला लॉक असेल तर सबळ कारण लागते.

खोकी, दोऱ्या, फळे, वेष्टने एवढीच आपली कामे असतील आणि आपण हाताळलेल्या चाकूचे पाते डावी-उजवीकडे डुगडुगत नसेल, तर तो निःशंकपणे घ्या. खिशात आहे हे जाणवत नसल्यामुळे तो लागेल तेव्हा जवळ असतो. लाकडावर तासभर काम करायचे असेल तर मात्र जाड मुठीचा, शक्यतो घडी नसलेला चाकू पाहावा.