भंगार, भांगार आणि पिवळा बावटा

अमेरिकेत शार्लट येथे राहणाऱ्या एका वाचकांचा प्रश्न आला आहे. नॅसकार या अमेरिकी संघटनेच्या मोटारशर्यतींचे वृत्तान्त ते आपल्या मराठी मित्रांसाठी लिहितात, आणि त्यांत वरचेवर येणाऱ्या 'डेब्री कॉशन' या प्रकाराला 'मलब्याचा इशारा' म्हणावे काय, असे ते विचारतात. धावपट्टीवर काहीतरी पडले आहे म्हणून पिवळा बावटा दाखवून शर्यत मंदावणे मुळात रास्त असते काय, हेही त्यांना जाणून घ्यायचे आहे. दुसऱ्या प्रश्नाकडे मी येईनच, परंतु त्यांच्या जोडशब्दातील दोन्ही पदे चुकलेली असल्यामुळे आधी त्यांचा समाचार घेणे भाग आहे.

'मलबा' हा शब्द हिंदी वाहिन्यांवरून आपल्याकडे आला आणि आता इमारत कोसळली की मराठी वार्ताहरही माणसांना 'मलब्याखाली' गाडतात. आपल्याकडे अशा वेळी माणसे ढिगाऱ्याखाली सापडत असत. मात्र ढिगारा म्हणायला ढीग लागतो, आणि अडीच मैलांच्या धावपट्टीवर पडलेल्या एकुलत्या बोल्टाचा ढिगारा होत नाही. मुंबईत कंत्राटदारांपासून सरकारी फलकांपर्यंत सर्वत्र 'डेब्रिज' हे रूप वावरते, आणि ते ऐकले की माझ्या कपाळाची शीर उठते, कारण या शब्दाच्या शेवटचा 'स' फ्रेंच लोक उच्चारत नाहीत आणि इंग्रजही उच्चारत नाहीत. आपण मात्र तो उच्चारतो, आणि वर त्याचा 'ज' करतो. पुणेकरांचा 'राडारोडा' मला मनापासून आवडतो, परंतु त्यातला रोडा हा विटेचा तुकडा आहे, त्यामुळे तो शब्द बांधकामापाशीच शोभतो.

'इशारा' या शब्दाचीही तीच गत आहे. अरबीत इशारा म्हणजे खूण, आणि त्या अर्थी बावट्याला इशारा म्हणता आले असते. परंतु आज मराठीत इशारा संघटना देतात, वेधशाळा देते, म्हणजे पुढे काही होईल असे सांगणे हा त्याचा अर्थ पक्का झाला आहे. शर्यतीतला पिवळा बावटा पुढचे काही सांगत नाही, तो तत्काळ लागू होणारा हुकूम आहे. गाड्यांचे क्रम गोठतात, कोणी कोणाला मागे टाकायचे नाही असे ठरते, आणि सगळे एका संथ गाडीच्या मागे रांगेने फिरू लागतात. मूळ लॅटिनमध्ये 'कॉशन' म्हणजे जपणे, आणि त्यावरूनच कायद्यात तो शब्द तारणाच्या अर्थाने रुळला. महाविद्यालयात आपण भरलेले 'कॉशन मनी' हे त्याच घराण्यातले. आपल्या रेल्वेत 'कॉशन ऑर्डर' असते, तिचा पुढे उपयोग होणार आहे म्हणून ती वाचकांनी लक्षात ठेवावी.

कोणी म्हणतील, सरळ 'सावधान' म्हणा. अवधानासह तो सावधान, हे खरे. परंतु या शब्दाशी मराठी माणसाच्या मनात बोहल्यावरून पळालेले समर्थ जोडलेले आहेत, आणि गंमत अशी की नॅसकारमध्येही अनेक वर्षे नेमके तेच घडत असे. पिवळा बावटा पडला की चालक जपून चालवण्याऐवजी आपला क्रम राखण्यासाठी समाप्तीच्या रेषेपर्यंत जिवाच्या आकांताने पळत. २००३ च्या सप्टेंबरात न्यू हॅम्पशायरच्या शर्यतीत डेल जॅरेट यांची गाडी धावपट्टीवर बंद पडलेली असताना इतर गाड्या अशाच भरधाव तिच्या शेजारून गेल्या, आणि त्यानंतर लगेच ही पळापळ नियमाने बंद झाली.

आता ज्यासाठी मी लेखणी उचलली त्या शब्दाकडे वळतो. फ्रेंच 'देब्री' हा 'ब्रिझे', म्हणजे मोडणे, या क्रियापदापासून निघाला आणि अठराव्या शतकाच्या सुरुवातीस इंग्रजीत शिरला. म्हणजे 'देब्री' ही साधी घाण नव्हे, कचरा नव्हे, केर तर नव्हेच; कशापासून तरी मोडून वेगळी झालेली ती वस्तू आहे. मराठीत याला जसाच्या तसा जोडीदार आहे आणि तो रोज सकाळी आपल्या गल्लीतून ओरडत जातो: भंगार. त्यात 'भंग' उघड्या डोळ्यांनी दिसतो. ब्रिझे आणि भंग यांचा ध्वनी थोडा जुळतो म्हणून दोघांचे कूळ एक मानणारे हौशी लोक मला भेटले आहेत. त्यांना माझे नम्र सांगणे आहे की ध्वनी जुळल्याने सोयरीक सिद्ध होत नाही. दोन भाषांनी एकच विचार स्वतंत्रपणे केला, हे मला त्याहून अधिक मोलाचे वाटते.

परंतु खरी मौज एका मात्रेच्या अंतरावर आहे. जुन्या मराठीत 'भांगार' म्हणजे सोने. गोव्यात आजही सोन्याला भांगर किंवा भांगार म्हणतात, सोन्याचे ते 'भांगराचें', आणि कन्नडमध्ये सोने म्हणजे 'बंगार'. विद्वान हा शब्द संस्कृत 'भृङ्गार' यापासून काढतात. भृङ्गार म्हणजे पाण्याची सुवर्णझारी, आणि भांड्याचे नाव पुढे धातूला लागले. म्हणजे भंगार आणि भांगार यांची कुळे निराळी, असा निवाडा देऊन कोशकार मोकळे होतात. मला तो निवाडा अपुरा वाटतो. माझी उपपत्ती अशी आहे की कुळे निराळी असली तरी हे दोन शब्द सोनाराच्या पेढीवर एकमेकांना भेटले आणि तेथून पुढे एकमेकांच्या सावलीत वाढले. तुटलेली पाटली घेऊन बाई पेढीवर येते. सोनार ती काट्यावर टाकतो, घट धरतो, मोडीचा भाव सांगतो. त्या क्षणी काट्यावर असलेली वस्तू मोडकी आहे आणि सोनेही आहे, म्हणजे एकाच पारड्यात भंगार आणि भांगार दोन्ही आहेत. आपण सोने 'मोडतो' आणि जुनी यंत्रे 'मोडीत काढतो', हा एकच शब्द दोन्हीकडे उगाच आलेला नाही. लेखी पुरावा दाखवा असे मला एका व्युत्पत्तिज्ञाने सुनावले होते. पुराव्याचा मला आदर आहे, परंतु पोथ्या नकलणारे सोनाराच्या पेढीवर बसत नव्हते आणि सोनार पोथ्या लिहीत नव्हते, एवढे तरी त्यांनी ध्यानात घ्यावे.

वाचकांना वाटेल की मी शर्यत सोडून सराफकट्ट्यावर जाऊन बसलो आहे. तसे नाही. डेब्री कॉशनवरचा सगळा वाद या एका मात्रेतच आहे, कारण धावपट्टीवर पडलेले भंगार कोणासाठी तरी भांगार असते. २००३ च्या त्याच बदलानंतर असा नियम आला की पिवळा बावटा पडला की एक वा अधिक फेऱ्यांनी मागे पडलेल्यांपैकी जो सर्वांत पुढे असेल त्याला गमावलेली एक फेरी फुकट परत मिळावी. नॅसकारचे प्रेक्षक त्याला 'लकी डॉग' म्हणतात. त्याशिवाय सगळ्यांना टायर बदलायला सवड मिळते, आणि पुढच्या चालकाने तास-दोन तास राबून कमावलेली पाच-सात सेकंदांची आघाडी क्षणात शून्यावर येते. म्हणजे एकाचे सोने मोडते आणि दुसऱ्याच्या हाती अलगद येते. एवढी उलथापालथ ज्या वस्तूमुळे होते ती वस्तू प्रेक्षकांना दिसलीच नाही, तर संशय येणारच.

तो संशय कोणा सोम्यागोम्याने व्यक्त केलेला नाही. टोनी स्टुअर्ट यांनी विजेतेपदे मिळवलेली असतानाही २००७ मध्ये अशा बावट्यांवरून नॅसकारची तुलना दूरचित्रवाणीवरच्या लुटुपुटीच्या कुस्तीशी केली होती, आणि चालक म्हणून निवृत्त झाल्यावर २०१७ च्या मिशिगनच्या शर्यतीनंतर त्यांनी पुन्हा तोच आक्षेप घेतला. त्याच वर्षापासून शर्यतीचे टप्पे पाडून प्रत्येक टप्प्याच्या अखेरीस ठरलेला पिवळा बावटा सुरू झाला. गाड्या एकत्र आणण्याची सोय वेळापत्रकातच असताना भंगाराचे निमित्त शोधण्याची गरज कोणाला भासू नये, असे मला वाटते. निमित्त चालकही शोधतात, हेही सांगितले पाहिजे. २००६ मध्ये ॲटलांटा येथे रॉबी गॉर्डन यांनी गाडीतील नळीवरचे मऊ वेष्टन खिडकीतून बाहेर फेकले, असे ठरवून त्यांचे ५० गुण कापण्यात आले आणि १५ हजार डॉलरचा दंड झाला. शब्दाच्या दृष्टीने पाहिले तर ते वेष्टन भंगार नव्हतेच. ते मोडलेले नव्हते, टाकलेले होते.

येथे माझा त्या समालोचकांशी मतभेद आहे, जे सांगतात की धावपट्टीवर जे जे पडले ते ते डेब्री. तसे मानले तर शर्यत होणारच नाही. तापलेल्या टायरांचे रबर प्रत्येक फेरीत सुटते, त्याच्या बारीक गोळ्या होतात आणि वळणाच्या बाहेरच्या अंगाला त्यांची काळी रांगोळी साचते. ती झीज आहे. झीज आणि मोड यांतला फरक मराठी माणसाला शिकवावा लागत नाही, भांडी वापरणाऱ्या प्रत्येक घरात तो ठाऊक असतो. तसेच खाऊच्या कागदाचे. व्हर्जिनियातील मार्टिन्सव्हिलची धावपट्टी तिथल्या लालबुंद हॉट डॉगसाठी प्रसिद्ध आहे, आणि त्याचा मेणकागद वाऱ्याने उडून एखाद्या गाडीच्या जाळीवर चिकटला की हवा अडते आणि पाण्याचे तापमान चढू लागते. चालक त्यावर काय करतो? पुढच्या गाडीच्या शेपटाला नाक लावतो. तिच्या मागे हवेचा दाब बदलतो आणि कागद आपोआप गळून पडतो. कागदाचा उपाय चालकाच्या हातात आहे, त्यासाठी चाळीस गाड्यांना संथ करण्याचे कारण नाही.

मात्र मोडलेल्या धातूपुढे असे कोणतेही कसब चालत नाही. ताशी ३२० किलोमीटरने धावणारी गाडी एका सेकंदात सुमारे ८९ मीटर, म्हणजे क्रिकेटच्या चार खेळपट्ट्यांहून अधिक अंतर कापते. पुढे पडलेली वस्तू दिसून, कळून, हात वळेपर्यंत ती मागे गेलेली असते किंवा टायरमध्ये घुसलेली असते, आणि उजवीकडचा पुढचा टायर वळणात फुटला की गाडी थेट भिंतीवर जाते. दुसऱ्या प्रकारच्या, उघड्या गाड्यांच्या शर्यतींतून याचे दोन दाखले देतो. २००९ मध्ये हंगेरीत फॉर्म्युला वनच्या पात्रता फेरीत रुबेन्स बारिकेलो यांच्या गाडीतून निसटलेली एक स्प्रिंग मागून येणाऱ्या फेलिपे मासा यांच्या शिरस्त्राणावर आदळली, कवटीला इजा झाली आणि त्यांचा उरलेला मोसम बुडाला. २०१५ मध्ये पोकोनो येथे इंडीकारच्या शर्यतीत दुसऱ्या गाडीचा मोडलेला भाग डोक्यावर बसून जस्टिन विल्सन यांचा मृत्यू ओढवला. नॅसकारमध्ये धावणाऱ्या स्टॉक कारला, म्हणजे बंद मोटारीला, छप्पर आणि जाड काच असते, त्यामुळे चालक तुलनेने सुरक्षित असतो, परंतु कुंपणापलीकडच्या माणसाला छप्पर नसते. २०१३ च्या फेब्रुवारीत डेटोना येथे शेवटच्या फेरीत झालेल्या अपघातात काइल लार्सन यांच्या गाडीचे इंजिन आणि चाक सुटून कुंपणावर आले आणि दोन डझनांहून अधिक प्रेक्षक जखमी झाले. त्याच वर्षीच्या मे महिन्यात, प्रश्नकर्त्यांच्याच शार्लटमध्ये, दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्याचा वरून जाणारा दोर तुटून धावपट्टीवर पडला, आघाडीवर असलेल्या काइल बुश यांच्या गाडीचे त्यात नुकसान झाले आणि दहा प्रेक्षकांना इजा झाली. दोर कोणत्याही गाडीचा नव्हता, तरी तो मोडून पडलेला होता, म्हणून माझ्या व्याख्येत तो चोख बसतो.

तेव्हा टीकाकारांचाही एक युक्तिवाद मला मान्य नाही. 'टीव्हीवर काही दिसले नाही, म्हणजे काही नव्हते' असे म्हणणे चुकीचे आहे. मासा यांना लागलेली स्प्रिंग करड्या डांबरावर पडली असती तर आपल्याला घरबसल्या मुळीच दिसली नसती. बावटा म्हणजे निव्वळ सुरक्षितता, असा उलटा समजही नको. २०१२ मध्ये डेटोना येथे पिवळा बावटा चालू असतानाच हुआन पाब्लो मोंटोया यांच्या गाडीत काहीतरी मोडले आणि ती धावपट्टी वाळवणाऱ्या यंत्रावर आदळून मोठा भडका उडाला.

आता लक्षात ठेवायला सांगितलेली ती कॉशन ऑर्डर काढतो. आपल्याकडे गाडी हळू न्यायची असेल तर लोको पायलटला कागद दिला जातो. कोणत्या किलोमीटरपासून कोणत्या किलोमीटरपर्यंत, कोणत्या वेगाने आणि कशासाठी, हे त्यावर लिहिलेले असते आणि तो मिळाल्याची सही घेतली जाते. कारण लिहिलेले असल्यामुळे त्या हळू जाण्याविषयी कोणी कुजबुजत नाही. नॅसकारच्या नियंत्रण मनोऱ्यातून नुसता 'डेब्री' एवढाच शब्द येतो, तेव्हा त्या शब्दाला किलोमीटरही नसतो आणि कारणही नसते. धावपट्टीवर गाडी थांबवून कर्मचारी जी वस्तू उचलतो ती त्याने कॅमेऱ्यासमोर हातात धरून दाखवावी, एवढीच माझी अपेक्षा आहे. वस्तू कठीण असेल, मोडलेली असेल आणि गाड्यांच्या वाटेत असेल, तर शेवटच्या फेरीलाही बावटा रास्त आहे. कागद, पिशवी वा रबराची रांगोळी असेल, तर पहिल्या फेरीलाही नाही.

प्रश्नकर्त्यांना वृत्तान्तासाठी शब्द हवा होता, तो राहूनच जात होता. त्यांनी 'भंगारासाठी पिवळा बावटा' असे लिहावे, आणि वस्तू दिसली असेल तर भंगारही न म्हणता तिचेच नाव घालावे: 'दुसऱ्या वळणावर पडलेल्या ब्रेकच्या तुकड्यासाठी पिवळा बावटा'. दिसली नसेल तर 'पिवळा बावटा. वस्तू दाखवण्यात आली नाही' असे लिहावे.