आधी अर्ज, मग प्रीप्रिंट

प्रश्न : साखर कारखान्याच्या आवारातल्या मातीतून आम्ही एक जिवाणू वेगळा केला. तो डिस्टिलरीच्या स्पेंट वॉशचा, म्हणजे मद्यार्क काढल्यावर उरणाऱ्या गडद सांडपाण्याचा, रंग उतरवतो. सर म्हणतात, प्रीप्रिंट, म्हणजे नियतकालिकात छापून येण्याआधीचा लेख, इंटरनेटवर चढवून द्या. विद्यापीठ म्हणतं, पेटंटआधी बोलू नका. कोणाचं ऐकू?
– संशोधक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : दोघांचंही ऐका, फक्त क्रम चुकवू नका. प्रीप्रिंट आधी गेला, तर शोध आता नवा राहिलेला नाही, याचा तोच तुमच्या अर्जाविरुद्ध पुरावा ठरतो. आधी प्रसिद्ध करून मग अर्ज करायला अमेरिकेत वर्षभराची सवलत मिळते, युरोपात तशी नाही. आपल्या पेटंट कायद्यातल्या कलम 31 ची 12 महिन्यांची सवलत विद्वत्संस्थेपुढे वाचलेला निबंध, सरकारने अधिसूचित केलेलं प्रदर्शन अशा मोजक्या प्रसंगांपुरती आहे. तिच्या भरवशावर प्रीप्रिंट टाकू नका. परिषदेतलं पोस्टर आणि शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या खुल्या ऑनलाइन संग्रहावर, चढलेला प्रबंध यांचंही तेच. जेनबँक या जनुकीय माहितीच्या खुल्या संग्रहात जिवाणूचा डीएनए अनुक्रम देताना प्रसिद्धीची तारीख पुढची मागता येते, पण त्याचा अ‍ॅक्सेशन (नोंदणी) क्रमांक कुठे छापून आला की अनुक्रम खुला होतो.

मातीत सापडलेल्या जिवाणूवर, तो आहे तसा, कलम 3 मुळे पेटंट मिळत नाही. हक्क मागा तो प्रक्रियेवर: किती टक्के इनोक्युलम (सुरुवातीला घातलेलं जिवाणूंचं विरजण), कोणता पीएच, कोणतं तापमान, किती तासांत किती रंग उतरला.

त्यासाठी तात्पुरत्या विवरणासह, म्हणजे शोधाच्या प्राथमिक लेखी वर्णनासह, अर्ज करा. पूर्ण विवरणाला 12 महिने मिळतात. घात होतो तो इथेच. घाईत दोन पानं दाखल होतात आणि आठवड्याने प्रीप्रिंटमध्ये सगळा तपशील येतो. जे तात्पुरत्या विवरणात नव्हतं त्याला नंतरची तारीख लागते, आणि आपलाच प्रीप्रिंट आडवा येतो. म्हणून लेखाचा मसुदा आकृत्या आणि पूरक तक्त्यांसकट विवरणात घाला. मग दुसऱ्याच दिवशी प्रीप्रिंट टाकला तरी चालेल.

अर्जाआधी कल्चर, म्हणजे वाढवलेला जिवाणू, पेटंटसाठी सूक्ष्मजीव जमा करण्याच्या आंतरराष्ट्रीय बुडापेस्ट करारानुसार पुण्याच्या एनसीएमआर किंवा चंदीगडच्या एमटीसीसी या सूक्ष्मजीव संग्रहात जमा करा. तिथे साधी ठेव आणि पेटंटसाठीची ठेव वेगळी असते. फॉर्म भरताना हे हमखास चुकतं. शिवाय पेटंट मिळण्यापूर्वी राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडे नोंदणी लागते.

पेटंटने विज्ञान कुलुपात जातं, ही भीती मात्र सोडा. कलम 47 प्रमाणे प्रयोगासाठी आणि शिकवण्यासाठी कोणीही ते वापरू शकतं. उद्या एखाद्या महाविद्यालयाने कल्चर मागितलं, तर ‘फक्त संशोधनासाठी’ असा साहित्य हस्तांतरण करार करून स्लँट (जिवाणू वाढवलेली परीक्षानळी) खुशाल पाठवा.