मुलगा भरकटतोय, पोलिसांना सांगावे का?

“मॅडम, पोलिसांना कळवले तर पोरगा हातचा जाईल आणि गप्प बसले तर ती माणसे त्याला घेऊन जातील,” असे ठाणे जिल्ह्यातील एका आईने मला सांगितले. ओळख पटेल असे तपशील मी येथे बदलले आहेत, परंतु ही भीती अनेक घरांत आहे. एकोणीस वर्षांचा तिचा मुलगा रात्ररात्र टेलिग्रामवर असे आणि मोहल्ल्यातील इमामांना ‘सरकारी मौलवी’ म्हणून त्याने मशिदीत जाणे सोडले होते. कल्याणचे चार तरुण 2014 मध्ये ‘आयसिस’ या दहशतवादी संघटनेत सामील होण्यासाठी इराककडे गेल्याचे तिला ठाऊक होते. मात्र तिचे माहेर मालेगावचे. तेथील 2006 च्या स्फोटांत पकडलेल्या मुस्लिम पुरुषांना न्यायालयाने 2016 मध्ये आरोपमुक्त केले, पण तोवर दहा वर्षे निघून गेली होती. त्यामुळे तिची भीती निराधार आहे, असे मी म्हणू शकत नव्हते.

मौलानांनी समजावले की पुरे, असे तिला वाटत होते. मुलाने स्वतः निवडलेल्या एका वयस्कर आलिमांनी, म्हणजे इस्लामी धर्मपंडितांनी, त्याला उपदेश केला नाही. 2008 मध्ये मुंबईवर हल्ला करून मारल्या गेलेल्या नऊ दहशतवाद्यांना दफनासाठी जागा देण्यास मरीन लाइन्सच्या बडा कब्रस्तानच्या विश्वस्तांनी नकार का दिला असेल, एवढेच विचारले. मुलगा बराच वेळ बोलला नाही, पण पुढच्या आठवड्यात त्यांच्याकडे पुन्हा गेला. धर्माच्या नावाने केलेला दावा धर्म जाणणाराच खोडू शकतो, असे माझे ठाम मत आहे. प्रत्यक्ष धोका किती, हे ठरवण्याचे काम मात्र त्याच्यावर टाकू नये.

कारण त्यानंतर मुलाने फोन दाखवला. एका अनोळखी खात्याने पैसे मागितले होते आणि भेटीची जागा कळवली होती. त्याने पैसे पाठवले नव्हते. नुसते पाहणे वेगळे, पण दहशतवादी संघटनेला पैसा पुरवणे किंवा तिचे सदस्य होणे हा यूएपीए म्हणजे बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, आणि बंदी घातलेल्या संघटनेचे केवळ सदस्यत्वही पुरेसे ठरते, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2023 मध्ये स्पष्ट केले. इतरांच्या जिवाला धोका असेल तेथे मी गुप्तता पाळू शकत नाही, हे पहिल्याच भेटीत सांगितले होते. तेच मी पुन्हा सांगितले. त्या संध्याकाळीच वकील सोबत घेऊन मायलेक दहशतवादविरोधी पथकाकडे गेले.

त्या अधिकाऱ्याने आईला बसायला खुर्ची दिली, वकिलासमोर जबाब नोंदवला, फोन घेतल्याची पोच दिली आणि मुलाला घरी पाठवले. सरकारकडून एवढे मिळेल असा भरवसा असता, तर ही आई कितीतरी आधी आली असती. हा भरवसा निर्माण करणे सरकारचेच काम आहे. मुलगा आता पुन्हा कॉलेजात जातो. मालेगावचा राग त्याच्या मनात अजून आहे, आणि तो काढून टाकण्याचा प्रयत्न मी करत नाही. त्या खटल्याची कागदपत्रे कशी वाचायची, हे तो त्याच वकिलांकडून शिकतो आहे.